शिट्टी चाळीस सेकंदांची

३ एप्रिल, गुरुवार
…मी भांडी घासत होते, एवढं पक्कं आठवतं. आदल्या रात्रीच्या खिचडीचं पातेलं करपलं होतं, धुणं बादलीत पडलं होतं. हे वाळूजहून रातपाळी करून आले. बूटही न काढता लिंबाखाली उभे राहिले आणि दयाळ पक्ष्याला शिट्टीनं उत्तर देऊ लागले. ते सगळं मोबाईलमध्ये भरून घेत होते. त्यानंतर अकरा दिवसांनी ते गेले. परवा दोन वर्षं झाली.
रेकॉर्डिंग एक मिनिटाचं आहे. चाळीस सेकंद शिट्टी. पुढं नुसती भांडी वाजतात, म्हणून मी तिथंच थांबवते.
संकल्प: दयाळाचा एक स्वच्छ फोटो. कॅमेरा यांनीच घेतला होता, फोटो काढायचा राहिला. पक्षी अंगणातलाच आहे, घरटं गच्चीच्या तुटक्या पायपात आहे. पंधरा दिवस पुष्कळ झाले.

४ एप्रिल
फोटो एकेचाळीस. रिकामी फांदी चौतीस, शेपूट सहा, माझा अंगठा एक. त्यातली बरी शेपूट पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर टाकली. संध्या मॅडमनी, म्हणजे ग्रुप चालवणाऱ्या कॉलेजच्या बाईंनी, लिहिलं, "काकू, ओळखू येतोय, हे महत्त्वाचं." सुरुवात झकास.

६ एप्रिल, रविवार
आज युक्ती सापडली. यांच्या जुन्या मोबाईलवर शिट्टी लावून पाहिली, आवाज बारीक येतो. मोबाईल पितळी कळशीत सोडला तर अंगण घुमतं. कळशीचा गळा अरुंद, हात जात नाही, म्हणून मोबाईलला परकराची नाडी बांधली. चाळीस सेकंद झाले की ओढून घ्यायचा.
अर्ध्या मिनिटात दयाळ आला. चोचीत अळी होती, ती टाकून आला. हातातलं काम टाकून कोण येतं आजकाल!
फोटोत पाय आले आहेत. दोन्ही.

९ एप्रिल
ग्रुपवर लिहिलं: "दयाळ माझ्या शिट्टीवर येतो." हे अगदी खोटं नाही. शिट्टी आमच्याच घरची आहे. औरंगपुऱ्यात चष्म्याचं दुकान असलेला इंद्रजीत, त्याची लेन्स हातभर लांब आहे, त्यानं हात जोडल्याचं चित्र पाठवलं.
वाचनालयातून पक्ष्यांचं पुस्तक आणलं. विणीच्या दिवसांत पक्ष्यांना आवाज ऐकवून बोलावू नये, असं त्यात आहे. ते जंगलात स्पीकर लावणाऱ्यांसाठी असावं. कळशीचा उल्लेख कुठंही नाही.

१२ एप्रिल
शेजारची सुकेशनी भिंतीवरून म्हणाली, "काकू, तुमचं पाखरू येडं झालंय का? सकाळधरनं आमच्या गाडीच्या आरशाशी भांडतंय."
मी म्हटलं, रूप न्याहाळत असेल.
"लई रूपाचं हाय! अन् ती मादी एकटीच पायपात खेपा मारतीय बिचारी. सांगा त्याला, जरा घरात बघ म्हणावं."
मी हसले. आज मोजल्या तर मादीच्या वीस खेपा झाल्या. त्याची एकही नाही. उन्हाचा त्रास असेल.

१४ एप्रिल
जयंती. सुकेशनीनं खीर पाठवली. मिरवणुकीच्या आवाजात पक्ष्याला ऐकू जाणार नाही, म्हणून आज त्याला सुट्टी.
दुपारी चार वेळा शिट्टी लावली. फोटोसाठी नाही. कॅमेरा कपाटातच होता.

१७ एप्रिल
घात झाला. रविवारी ग्रुप घरी येतो आहे. माझी शिट्टी ऐकायला. संध्या मॅडम म्हणाल्या, "काकू, तुमचा फोटो आला की ग्रुपच्या प्रदर्शनात लावू, खाली नावासकट."
खोलीचं दार लावून दोन तास शिट्टीचा सराव केला. वारा निघतो, थुंकी निघते. शिट्टी निघत नाही.
नवा बेत: शिट्टी कळशीची, तोंड माझं. तोंडावर पदर धरायचा. बाईमाणसानं पदर धरला तर कोण विचारणार? बेतात खोट नाही. नाडी नवी घेतली, जरा गुळगुळीत आहे, पण रंग छान आहे.

२० एप्रिल, रविवार. संध्याकाळ
लिहू नये असं वाटतं.
सकाळी सात माणसं आली. कळशी कशाला, असं इंद्रजीतनं विचारलं. मी म्हटलं, पाखरांच्या पाण्याला. मोबाईल आत सोडला, नाडी मनगटाला गुंडाळली, पदर धरला, गाल फुगवले. शिट्टी सुरू झाली. दयाळ लगेच आला, अगदी समोरच्या फांदीवर. इंद्रजीत पुटपुटला, "काकू, मान गये!" सगळ्यांचे कॅमेरे कडकडू लागले. माझाही.
चाळीस सेकंदांना नाडी ओढली. नाडी एकटीच वर आली.
पुढं नुसती भांडी वाजतात, असं मी लिहिलं होतं. ते खरं नाही. पुढं यांचा आवाज आहे.
"लीले, आला बघ! हात धू अन् दोन कप चहा टाक. इथंच बसून पिऊ."
मग मी. "दिसत नाय का, हात खरकटे हायेत? मी काय रातभर झोपा काढल्या व्हय? त्या पाखरालाच सांगा चहा टाकायला!"
मग पातेलं आपटल्याचा आवाज. तिथं संपतं.
कळशीत सगळं मोठं ऐकू येतं. मी कळशी उलटी केली, हलवली, मोबाईल गळ्यात आडवा अडकला. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. इंद्रजीतनं कॅमेरा खाली घेतला. संध्या मॅडमनी विचारलं, "कोण, काकू?" मी म्हटलं, आमचे हे. पदर अजून तोंडावरच होता.
मॅडम शेजारी बसल्या. हळू म्हणाल्या, "काकू, तो भेटायला येत नाही हो. दुसरा नर आपल्या जागेत शिरलाय असं त्याला वाटतं, त्याला हाकलायला येतो. पिल्लांचं खाणं सोडून दिवसभर नसलेल्याला शोधत बसतो."
मी हो म्हटलं. मला माहीत होतं. पुस्तकात पान दुमडून ठेवलं होतं.
सगळे उठले. मी चहाचंही विचारलं नाही. सात माणसं दारातून बिनचहाची गेली.
त्या दिवशी चहा यांनीच केला होता. मला आणून दिला. मी एक घोट घेऊन पाणचट म्हटलं होतं.
माझे आजचे फोटो पाहिले. सगळ्यांत पदर आला आहे.

२१ एप्रिल, सोमवार. सकाळ
सुकेशनीनं चिमट्यानं मोबाईल काढून दिला. तिनं भिंतीपलीकडून ऐकलंच असणार. रेकॉर्डिंग पुसलं नाही, तेवढं होत नाही. मोबाईल बंद करून यांच्या चष्म्याशेजारी ठेवला.
दयाळ दोनदा अळी घेऊन पायपात गेला. माझ्याकडं पाहिलंही नाही.
खरकटी भांडी तशीच ठेवली, हात धुतले आणि दोन कप चहा टाकला.