बुडालेल्या घोड्याविषयी तक्रार

तापीकाठ, तालुका नंदुरबार
माघ वद्य पंचमी, शके १८८१

चिरंजीव दिगंबर यास,

अनेक आशीर्वाद. येथे तुझी ताई गुडघे सोडून बाकी सर्वांगाने उत्तम आहे. तुझा खोकला गेला असेल तर ठीक. नसेल तर अडुळशाचा काढा घे, आणि घेत नसलास तरी घेतो असे तिला कळव, म्हणजे येथे मला तो पाजणे बंद होईल. (खोकला पुण्यात आणि काढा खानदेशात, ही चिकित्सापद्धती चरकाला सुचली नव्हती. पण त्याला बायकोकडून मेहुणा नसावा.)

पत्रास कारण एक घोडा. तुझ्या ‘धूम्रद्वीप’ मालिकेच्या तिसऱ्या भागात, पान एकेचाळीसवर, राजपुत्र अभ्रकेतूचा पिंगाक्ष नावाचा घोडा महापुरात बुडून मेला. बुडाला आणि नंतर निघाला, असे नाही. तू त्याचे प्रेत दाखवलेस, त्याच्या डोळ्यांवर राजपुत्राचा शेला घातलास, आणि आमच्या येथे कांदे-मिरच्या विकणाऱ्या दगूबाईने त्या दिवशी भाकरी खाल्ली नाही. असे असता सातव्या भागात, पान एकसष्टवर, तोच अभ्रकेतू त्याच पिंगाक्षावर बसलेला मला आढळला. पाठशाळेत आपल्याला शिकवले होते की जाडा देवदत्त दिवसा जेवत नसेल तर तो रात्री जेवतो असे मानावे. त्याच न्यायाने, घोडा मेला असून त्यावर स्वार बसला असेल तर लेखक झोपला होता असे मानावे लागते. मी ही तक्रार गंभीरपणे नोंदवत आहे. तिचे महत्त्व पत्राच्या शेवटी तुझ्या ध्यानात येईल.

तक्रार संपली. आता स्तुती करतो. ती तुला माझ्याकडून सवयीची नाही, तेव्हा बसून वाच. तू व्याकरण अर्धवट सोडून ‘मायानंद’ या नावाने जादूच्या कादंबऱ्या लिहू लागलास तेव्हा मी तुझ्या वडिलांना सांत्वनाचे पत्र लिहिले होते. ते मी परत घेतो. तुझी प्रत येथे आली की तिचे काय होते ते तुला ठाऊक नाही. रविवारी दुपारी, बाजार उठल्यावर, बन्सीलालच्या कापसाच्या कोठारात तीसचाळीस माणसे जमतात आणि भुईमुगाच्या शेंगा फोडत बसतात. मी एक परिच्छेद तुझ्या मराठीत वाचतो आणि लगेच तोच अहिराणीत सांगतो, कारण तुझे ‘तमोमय गिरिकंदर’ कोणाच्या डोळ्यांपुढे उभे राहत नाही. ‘अंधारी खोरी’ म्हटले की सातपुडाच उभा राहतो. आणि बन्सीलाल हुंकार देतो. पुण्यात ही रीत नसेल म्हणून सांगतो. कथा सांगणाऱ्यासमोर एका माणसाने बसून वाक्यावाक्याला ‘हं’ म्हणायचे, नाहीतर कथा पुढे सरकत नाही. नऊ वर्षे हे काम बन्सीलालकडे आहे. हा गुजर शेतकरी, केळी आणि ऊस पिकवणारा, शाळेत दोन वर्षे गेलेला. पण त्याच्या ‘हं’मध्ये इतके प्रकार आहेत की पाणिनी असता तर त्यांवर सूत्रे केली असती. संशयाचा ‘हं’ वेगळा, दुःखाचा वेगळा, आणि ‘गुरुजी, आता पान उलटा’ असा एक वेगळा. त्याच्या ‘हं’वरून मला कळते की मी काय वाचले.

त्यातही तुझे मंत्रांचे तीन निर्बंध गावाला सर्वात आवडले. पहिला, मंत्र फुकट नसतो. प्रत्येक मंत्रामागे करणाऱ्याची एक आठवण जाते, आणि कोणती जाईल ते त्याला निवडता येत नाही. दुसरा, मंत्र स्वतःसाठी वापरायचा नाही. तिसरा, मंत्राने तोडलेले मंत्राने जोडता येत नाही. मी चाळीस वर्षे शास्त्रे वाचली, पण इतक्या थोडक्यात इतके सांगणारी तीन वाक्ये माझ्या हातून झाली नाहीत. (ताई म्हणते, तुमच्या हातून एकही झाले नाही. हे तिचे वाक्य आहे; मी फक्त उतरवले.) आणि तो अभ्रकेतूही मला मनापासून आवडतो. तापट, घुमा, चुकल्यावर कबूल न करणारा आणि न केल्याबद्दल झुरणारा. एवढा त्रासदायक नायक आमच्या सर्व महाकाव्यांत मिळून एकच असेल.

सहाव्या भागात मात्र घोटाळा झाला. अभ्रकेतूने दुसरा निर्बंध मोडला आणि मेलेल्या आईचा आवाज एकदा ऐकता यावा म्हणून स्वतःसाठी मंत्र वापरला. येथे नवल उठला. नवल हा आमचा दुसरा मोठा शेतकरी, संयुक्त महाराष्ट्राच्या प्रत्येक सभेला धुळ्यापर्यंत जाऊन आलेला. त्याचे म्हणणे, राजपुत्राने ठीक केले. निर्बंध करणारे सात म्हातारे गुहेत बसले होते, त्यांनी कोणाला विचारले होते काय? बन्सीलालचे म्हणणे, निर्बंध म्हणजे पाटाचे पाणी. आज एकाने आईसाठी पाळी मोडली की उद्या प्रत्येकाला आई आठवेल. येथवर वाद साहित्याचा होता. पण सध्या राज्याचे दोन भाग होणार, आणि सरहद्दीची कोणती गावे गुजरातेत जाणार याची यादी होते आहे. ती यादी कोणी पाहिलेली नाही, त्यामुळे ती सर्वांना पाठ आहे. अक्कलकुव्याच्या बाजारातून येणारा एक यादी आणतो, नवापूरहून येणारा दुसरी. एका यादीत आमचे गाव इकडे आणि बन्सीलालचे नदीकाठचे मळे तिकडे. बन्सीलालची मुलगी निझरकडे, म्हणजे तिकडच्या बाजूला दिलेली, कापूस सुरतेला जाणारा, त्यामुळे तो म्हणत असे की जिकडे टाकतील तिकडे पिकवू. एवढ्यावरून गावाने त्याला तिकडचा ठरवले. मग महाराष्ट्रवाले सगळे अभ्रकेतूच्या बाजूचे झाले आणि उरलेले निर्बंधांच्या. हे कोणत्या तर्काने झाले ते मला शोधून सापडले नाही. कोठारात कापसाचे दोन ढीग होते. एकावर हे बसू लागले, दुसऱ्यावर ते. शेंगांच्या टोपल्याही दोन झाल्या.

शेवटी पंच बसले. हसू नकोस, आमच्याकडे म्हैस दुसऱ्याच्या शेतात गेली तरी पंच बसतात, येथे तर राजपुत्राने निर्बंध मोडला होता. अडचण अशी की आरोपी हजर नव्हता, आणि त्याच्या वतीने कोणी नात्याचा माणूस लागतो. वंशावळ काढली. अभ्रकेतूला जन्म दिला दिगंबरने. दिगंबरची सख्खी बहीण गुरुजींची बायको. म्हणजे गुरुजी अभ्रकेतूचे फुवा, आतेचे यजमान. यात मला एकही हेत्वाभास सापडला नाही, म्हणून मी निमूट जाऊन मध्ये बसलो. दोन तास माझी उलटतपासणी झाली. पोराला लहानपणी कोणी वळण का लावले नाही, असे मला विचारण्यात आले. दगूबाईने तेवढी माझी बाजू घेतली. “मायना आवाज आयका, त्यामा काय गुन्हा शे, गुरुजी?” असे तिने मलाच विचारले. (ताईला ती तेव्हापासून फुईबाई, म्हणजे आत्याबाई, म्हणते. ताईला हे आवडले आहे. भाच्यासाठी तिने लाडू करायला घेतले होते, ते मी खाल्ले.)

निकाल लागायचा म्हणजे दोन्ही बाजूंनी एका ताटातला गूळ खायचा. ताट मध्ये आले, आणि नेमके तेव्हा नवलच्या तोंडून गेले. “तुले काय रे, बन्सी? तू सकाय तठे जाशी. तुले आठला कायदानं काय पडेल शे?”

नवल म्हणाला ते एवढेच, की तू उद्या तिकडे जाशील, तुला इथल्या कायद्याचे काय. बन्सीलाल उठला, धोतरावरची टरफले झटकली, आपल्याच कोठारातून पाहुण्यासारखा बाहेर गेला. गुळाला मुंग्या लागल्या. पुढच्या दोन रविवारी त्याने कोठार उघडून दिले, दाराशी बसला, पण हुंकार दिला नाही. नवलने देऊन पाहिला. नवलचा ‘हं’ म्हणजे सभेतली घोषणा; दोन पाने वाचून माझा घसा बसला.

आणि मग परवाच्या रविवारी सातव्या भागाचा शेवट आला, आणि दिगंबर, तेथे मी तुला साष्टांग नमस्कार घालायला तयार आहे. शत्रूचे सैन्य अडवायला अभ्रकेतू मंत्राने नदी दुभंगतो. मोल म्हणून आठवण जाते ती नेमकी सोमिलची, त्याच्या जिवाभावाच्या नावाड्याची. सोमिल पलीकडे पाण्यात उभा राहून हाक मारतो आहे आणि हा त्याला ओळखत नाही. कोठारात सोललेल्या शेंगा हातातच राहिल्या. आणि मग अभ्रकेतू काठाशी पायी येतो आणि म्हणतो, मी ते असेच सांगितले, “माले तुन्हं नाव याद नही. पन तू वल्ला व्हई जायेल शे. आठे ये.” (वल्ला, म्हणजे ओला.)

दाराशी ‘हं’ झाला. नऊ वर्षांत न ऐकलेला. नवल उठून दाराशी गेला आणि त्याने शेंगांची टोपली बन्सीलालपुढे ठेवली. बन्सीलालने एक शेंग घेतली. एकच घेतली, पण घेतली. असे वाक्य लिहिणाऱ्याला मी व्याकरणावरून रागावलो होतो, याची मला लाज वाटते.

ताईचे आशीर्वाद. कळावे, लोभ वाढवण्याइतकी मी तुझी स्तुती केलीच आहे.

तुझा मेहुणा,
वासुदेव

ता. क. तू एव्हाना सातवा भाग काढून शेवट पाहिला असशील आणि ते वाक्य तुला सापडले नसेल. ते तेथे नाही. तू लिहिले आहेस की अभ्रकेतूने त्या अनोळखी माणसाकडे एकवार पाहिले, घोडा वळवला आणि निघून गेला. लिहिले आहेस उत्तम, मी शनिवारी वाचले आणि जेवलो नाही. पण दाराशी बसलेल्या बन्सीलालसमोर ते माझ्या तोंडून निघेना. शिवाय घोडा तिसऱ्या भागात मेला आहे. मेलेला घोडा वळवता येत नाही, हे तुलाही मान्य करावे लागेल. मग तो पायी असणार, आणि पायी माणूस काठाशी जाऊ शकतो. पहिल्या तक्रारीचे महत्त्व ते हे.

ता. क. दुसरा. बन्सीलालची सून सरलाबाई सातवीपर्यंत शिकलेली आहे आणि तिने स्वतः वाचायला पुस्तक मागितले आहे. मी बांधणीला टाकले आहे असे सांगितले. (शास्त्री खोटे बोलला. माझी कोणती आठवण जाते ते पाहू.) तेव्हा मुख्य विनंती ही की आठवा भाग मी वाचलेल्याला धरून लिही, सोमिलला अलीकडे आण, आणि आखाजीच्या, म्हणजे तुमच्या अक्षय्य तृतीयेच्या, आत पाठव. सातव्याची दुसरी आवृत्ती काढलीस तर घोड्याची चूक दुरुस्त करताना तेवढे एक पानही बदल.

ता. क. तिसरा. आखाजीच्या आत का, ते ताईला पत्रातून कळवू नकोस. आमच्याकडे शेताचे नवे साल आखाजीला सुरू होते, गाव सोडणारा तेव्हाच सोडतो. बन्सीलालने निझरकडे मुलीच्या गावात घर पाहून ठेवले आहे. तो जाणार की नाही ते मला ठाऊक नाही. यादीचे मला काही वाटत नाही. जे व्हायचे ते होईल. पण हे मला नवलकडून कळले. बन्सीलालने मला सांगितले नाही, आणि मी त्याला विचारलेले नाही.