स्टँडपर्यंतचा पट्टा

२६ जानेवारी, सोमवार
झाला! झेंडावंदन झाल्यावर सरपंचांनी फीत कापली. आमच्या वस्तीपासून थेट मिरजगावच्या एसटी स्टँडपर्यंत सिमेंटचा पट्टा — मध्ये लोखंडी कठडा. इकडं चालणारे आणि सायकली, तिकडं ट्रक. सरकारच्या पैशातून आमच्यासारख्यांसाठी असलं काही होतं? दिवसभर दारात बसून बघत राहिले. किती गुळगुळीत!

२७ जानेवारी
शिबिरात मिळालेली माझी तीनचाकी कित्येक वर्षं गोठ्यात कोंबड्यांच्या ताब्यात होती. पायांनी चालता येत नाही, आणि हातानं पायडल फिरवत हायवेवर जायचं म्हणजे जिवाशी खेळ. आज माझ्या भावानं, काशिफनं, तिला तेलपाणी केलं. अम्मी म्हणाली, "मी येते बरोबर." नको म्हटलं. एकटी गेले!

काय काय आहे या वाटेला! लिंबाची झाडं, डाळिंबाची बाग, एका शेडवर झोपलेलं मांजर. इतकी वर्षं भावाच्या मोटारसायकलवर मागं बसून गेले. मागून दिसायचं काय, तर काशिफचा शर्ट!

स्टँडवर पायऱ्यांशेजारी उतार केलाय. त्यावरून वर गेले. मला कुणी उचललं नाही. कुणीच नाही. फलाटावर थांबून रडले — लोक बघत होते, बघू देत.

२९ जानेवारी
स्टँडसमोरच्या चष्म्याच्या दुकानात जागा आहे. मालकीण मोनिकाताई म्हणाल्या, "काचा बसवायचं काम येतंय तुला. पण रोज वेळेवर येशील ना?" मागची नोकरी यापायीच गेली. काशिफला सवड मिळेल तेव्हा मी पोचायचे. येईन म्हटलं. सोमवारपासून ये म्हणाल्या. या अल्लाह!

१ फेब्रुवारी, रविवार
तूर! पट्टाभर तूर!!

अख्ख्या वस्तीनं काढलेली तूर आणून पट्ट्यावर वाळत घातलीय. मी निम्म्यात पोचले आणि काड्या साखळीत गुंतल्या. ना पुढं जाता येईना, ना मागं. ओरडले. शेजारच्या मालनबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आगं, एवढी चकाचक जागा कशी सोडायची? खडा न्हाई, माती न्हाई. जा की वरनं, तेवढीच मळनी व्हईल!"

"उद्या माझा कामाचा पहिला दिवस आहे मावशी," म्हटलं. त्या वळून पट्टाभर पसरलेल्या तुरीकडं बघायला लागल्या.

काशिफनं तीनचाकी ओढून काढली. घराजवळ आल्यावर विचारलं, ही पहिली तूर कुणाची? तो हसायला लागला. आमचीच! अब्बांची! मी जेवले नाही. अब्बाही जेवले नाहीत.

२ फेब्रुवारी
सकाळी आवरून दार उघडलं आणि बघतच राहिले.

पट्ट्याच्या एका कडेनं वाट मोकळी केलेली! अब्बा दाताळ्यानं तूर मागं ओढत होते, अम्मी झाडत होती. मालनबाई खराटा आडवा धरून माझ्या चाकांचं माप घेत होत्या. पार पुढपर्यंत माणसं वाकलेली, कुणाची तूर कुणाच्यात मिसळत होती तरी तक्रार नाही. मालनबाई म्हणाल्या, "बघत काय बसली? उशीर हुईल की!" माझा राग कुठल्या कुठं गेला. एवढी माणसं माझ्यासाठी!

वेळेच्या आधी पोचले. मोनिकाताईंनी अजून कुलूपही उघडलं नव्हतं.

६ फेब्रुवारी
तूर गेली, पट्टा परत चकाचक. आठवडाभर एकदाही उशीर नाही!

९ फेब्रुवारी
आज निघताना अम्मी पिशवी घेऊन आली आणि तीनचाकीच्या मागच्या फळीवर बसली. "स्टँडवर सोड मला. रमजानच्या आधी राहुरीला बहिणीकडं जाऊन येते. चार दिवस राहीन."

वाटेत म्हणाली, "तू झाल्यापासून एकटी अशी कुठं गेलेच नाही गं मी."

मला वाटायचं, घरात अडकलेली एकटी मीच आहे.

नगरवरून जाणाऱ्या गाडीत खिडकीची जागा मिळाली तिला. गाडी वळेपर्यंत हात हलवत होती. मग मी दुकानात गेले.