निकाह एकदाच झाला होता

अब्बा, तुम्ही काफिर नव्हतात. तेव्हा मी हे कोणापुढेही बोलले नाही, म्हणून आता लिहिते आहे.

देश स्वतंत्र होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. तुम्ही गोंदियाच्या राइस मिलमध्ये मिस्त्री होतात. सालेकशाकडच्या एका गावाने तलावाचं लोखंडी दार बसवायला तुम्हाला बोलावलं. तिथली रीत अशी की दार बसवणाऱ्यानेच नारळ फोडायचा, मग पाणी सोडायचं. पाटील म्हणाले, "तुमीच बसवलं ना जी मिस्त्री, मंग नारळ तुमीच फोडा." तुम्ही फोडलात आणि खोबरं रुमालात बांधून घरी आणलंत. शुक्रवारी मशिदीत नव्या इमामांनी सांगितलं, मिस्त्रीने पूजा केली, तो काफिर झाला, त्याचा निकाह तुटला. त्याने पुन्हा कलमा पढावा, पुन्हा निकाह लावावा. तोवर त्याच्याकडे ना कोणी लग्नाला जायचं, ना जनाज्याला. माझं स्थळ तिरोड्याचं होतं. त्यांनी निरोप पाठवला, थोडं थांबू. शेजारणी अम्मीला समजवायला आल्या, तर ती चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. "निकाह टूटा, तो ये चावल किसके लिए चढ़ाया मैंने?"

मला अरबी शिकवणारे म्हातारे उस्ताद काठी टेकत जमातीच्या बैठकीत गेले. ते म्हणाले, चूक केली असेल तर गुनहगार म्हणा, काफिर म्हणणं वेगळं. माणसाच्या वागण्याचा एक जरी बरा अर्थ निघत असेल तर तोच धरायचा, आणि आधी त्याला विचारायचं. विचारलं का कोणी? कोणीच विचारलं नव्हतं. मग त्यांनीच विचारलं, नारळ फोडताना मनात काय होतं. तुम्ही म्हणालात, "यही, कि दरवाज़ा अटके ना." काही जण हसले. इमाम हसले नाहीत. त्यांचं एकच म्हणणं, निकाह पुन्हा लावा, दोन मिनिटांचं काम आहे.

तुम्ही उभे राहिलात. "कलमा रोज़ पढ़ता हूँ, यहाँ भी पढ़ दूँगा. निकाह दुबारा नहीं. दुबारा किया तो मैंने ख़ुद मान लिया कि मैं काफ़िर था और मेरी औरत इतने दिन बेनिकाही रही."

पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. जनाज्याची नमाज उस्तादांनी पढवली, मागे एकच रांग होती, तीही अपुरी. सालेकशाची माणसं कब्रस्तानाच्या भिंतीबाहेर पागोटी काढून उभी होती. आजही कोणी तो विषय काढला की मी सरळ सांगते, माझे वडील मुसलमान म्हणून जगले आणि मुसलमान म्हणून मेले. वर म्हणते, "उस्तादांच्या म्हणण्याविरुद्ध सांगणारी किताब असेल तर आणा." अजून कोणी आणलेली नाही.

हा कागद मी कोणाला दाखवणार नाही, अम्मीलाही नाही. त्या दिवशी जमातीहून तुम्ही घरी आलात, तेव्हा मी पाण्याचा लोटा पुढे केला. तुम्हाला वाटलं, पोरगी माझ्या बाजूने आहे. अब्बा, मला वाटत होतं तुम्ही इमामांना हो म्हणावं. मला तिरोड्याला जायचं होतं.