भातलावणी सारखी झालीच पाहिजे

४ जुलै १९८३, सोमवार
आणि वर हसायचं! देवाच्या शेतातल्या एवढ्याशा तुकड्यात, एका कुणग्यात, मी अजून अर्ध्यावरच वाकलेली, आणि ही तुळसा आपली ओळ संपवून बांधावर बसलेली. माझी धाकटी जाऊ ना ती? काही रीत? लावणीत माणूस मागे मागे सरकत जातो, तरी हिला पुढे जायची हौस. वर म्हणते, वयनी, येऊ काय मदतीला? नऊ घरच्या बायका ऐकत होत्या. येसूबाईला सत्तर उलटली, तीपण हसली. दात नाहीत, तरी.
हे बंद करणार.

५ जुलै
राजापूरच्या बाई मागे महिला मंडळात समतेवर बोलून गेल्या. बाकीच्यांना त्यातला चहा कळला, मला समता कळली. आज ठराव केला. नऊ घरं एकमेकींची लावणी पाळीने करतोच, आता चालही एकच. बांधाला सगळ्यांनी बरोबर पोचायचं. जिचं आधी संपेल तिने वाकूनच थांबायचं. शिटी माझ्याकडे. चाल कुणाची धरायची विचारलं, तर सगळ्याजणी एकदम माझ्याकडे बघायला लागल्या. मंडळाची अध्यक्ष म्हणून मला एवढा मान देतील असं वाटलं नव्हतं.
पहिली पाळी माझी. घरच्या शेतात नियम नीट शिकवता येतात. तुळसाची शेवटची. तिचा हात चपळ, तिला कसली घाई.

९ जुलै
माझं शेत झालं. दरवर्षी एका दिवसात होतं, यंदा तीन लागले. पण काय सारखं! लांबून बघितलं तर कोण कुठली ते ओळखू येत नाही. गाणी बंद केली. गाण्याने हात पळतात.

१५ जुलै
तुळसा वाकून थांबते आणि मुद्दाम सुस्कारे टाकते. म्हणून तिला डाव्या हाताने लावायला सांगितलं. आता माझ्याबरोबर पोचते. आज तर माझ्याही मागे राहिली. जेवण गोड लागलं.

२२ जुलै
तुळसा म्हणाली, वयनी, माझा तरवा महिन्याचा होऊन गेला, रोपं जून व्हायला लागली. पाळी आधी द्या, नाहीतर मला एकटीला लावू द्या. हे दुसऱ्यांदा. मी म्हटलं, बाकीच्यांनी काय घोडं मारलंय? नियम म्हणजे नियम.
तिचा नवरा मुंबईत, गिरणीच्या संपात बसून. वर्षाचा तांदूळ तिच्या दोन कुणग्यांतूनच यायचा. मला ठाऊक आहे. पण समतेत असली चौकशी करायची नसते.

२५ जुलै, सकाळी
उजाडता उजाडता तुळसा तिच्या कुणग्यात एकटीच सापडली. उजव्या हाताने लावत होती. चार ओळी झालेल्या. शिटी मारली, बायका जमल्या. सगळ्यांदेखत उपटायला लावलं. ती वाकली. एकेक रोप काढलं, मुळं धुतली, मूठ बांधून बांधावर ठेवली. बाकीच्या खाली बघत होत्या. शिस्त लागली म्हणायची.
मुळं कशाला धुतली कोण जाणे.

२९ जुलै
येसूबाईला विचारलं, हल्ली कुणी बोलत का नाही माझ्याशी? म्हणाली, गंगे, तुझी चाल का धरली ठाऊक आहे काय गो? तुझ्याहून सावकाश वाडीत कोण नाय. मी म्हातारी, पण मी तुझ्या पुढे.
बघून घेते म्हटलं. काय बघून घेणार.

२ ऑगस्ट
तुळसाची पाळी. सगळ्या गेलो. तरवा पिवळा पडलेला. येसूबाईने एक रोप मोडून जून झाल्याची गाठ दाखवली. म्हणाली, हे लावून पसाभर भात येईल, तेही देवाने दिलं तर. नऊ घरी रोपं मागितली, कुणाकडे उरली नव्हती. शेजारच्या वाडीतही नाही. मग नांगरवाल्या लवूने सगळा तरवा कापून बैलांपुढे टाकला. शिटी माझ्या गळ्यातच होती.

५ ऑगस्ट, शुक्रवार
तुळसाकडे गेले. चुकले म्हणायचं होतं. तोंडातून आलं, तूही जरा जोर लावून सांगायचंस. ती म्हणाली, सांगितलं होतं वयनी, दोनदा. तुमचं पिकणार, माझं नाही, हे सारखं कसं करायचं ते तुमच्या मंडळाला विचारा. आणि दार लोटलं. आदळलं असतं तर बरं वाटलं असतं.
येताना पाणवठ्यावरच्या बायका बोलायच्या थांबल्या.
ही वही कुणी वाचायची नाही म्हणूनच लिहीत आले. पण हे पान फाडून तुझ्या दाराखाली सरकवते. तुला वाचता येतं. तुळसा, माझ्या तीन कुणग्यांतले वरचे दोन यंदा तुझे. उपकार नाहीत. रोपं मी उपटायला लावली, चारचौघींत लावली, तर चुकले हेही चारचौघींत, देवळासमोर, सांगेन. कापणीला मी येईन, तू म्हणशील तिथे वाकेन. घेणार की नाही, ते येसूबाईजवळ निरोप देऊन कळव. तुझ्या दारात परत उभं राहायला माझे पाय होत नाहीत. रविवारपर्यंत सांग.