काचेवर घसरलेलं अक्षर

चिमे,

टॅब आणि त्याचं पेन खोक्यात घालून तुझ्या टेबलावर ठेवलंय. तू हौसेने आणलंस, पण मला ते नको. दुकानदार बदलून देतो म्हणालाय, तर कागदावर लिहायचं ते स्मार्ट पेन घेऊन ये. लिहिलेलं तेही फोनवर पाठवतं. मघाशी शेजारच्या वकीलबाईंचं वापरून बघितलं.

आता खरं कारण ऐक. दुभाष्याच्या कामात समोरचा बोलेल त्या वेगाने टिपून घ्यावं लागतं, आणि काचेवर माझं अक्षर म्हणजे नुसते कोंबडीचे पाय. मला वाटलं, तुझ्या मोठ्या मावशीची थरथर माझ्याही हातात उतरली. कुणाला बोलले नाही. आज सकाळी गुपचूप डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कोऱ्या कागदावर चार ओळी लिहायला लावल्या. अक्षर सुतासारखं सरळ. मग मी पिशवीतला टॅब काढून त्यांनाच सही करायला सांगितली, तर तीही घसरली. "काच गुळगुळीत आहे हो, तुमचा हात ठणठणीत आहे," म्हणाले. मला तिथेच हसू फुटलं.

कामावर जातेय, यायला उशीर होईल. जेवण झाकून ठेवलंय.

माझं अक्षर तुला दिसू नये म्हणून गेला महिनाभर सामानाची यादी मी तुला तोंडी सांगत होते आणि तू निम्मं विसरून यायचीस. आजची यादी मागच्या बाजूला लिहून ठेवलीय. सगळं आण.

आई