बिनतारी थर्मोस्टॅट आणि शेजारचा आर्वो

तीर्थस्वरूप हेल्मीताईस,

धाकट्या ओन्नीचा साष्टांग नमस्कार (गुडघा वाकत नाही, तरी वाकलो असं समज). तुझा खोकला कमी झाला का? भाऊजी गेल्यापासून दुलुथला एकटी राहतेस, गळ्याला मफलर ठेवत जा. इकडे हॅनकॉकला सगळे मजेत आहेत, मी सोडून.

ताई, तुझ्यापासून काय लपवायचं, मी जळतोय. शेजारच्या आर्वोवर. तोच तो, रिटायर्ड वायरमन, विधुर, दात अजून सगळे स्वतःचे. गेल्या हिवाळ्याच्या तोंडाला त्यानं बिनतारी थर्मोस्टॅट बसवला. आपल्या जुन्यासारखा भिंतीला खिळलेला नाही. छोटी डबी, जिथं ठेवाल तिथली थंडी तळघरातल्या बॉयलरला कळवते. झालं! आमच्या हिच्या, सायमाच्या, तोंडी दुसरा विषय नाही. आर्वोकडे बाथरूमसुद्धा उबदार असतं म्हणे (ही त्याच्या बाथरूममध्ये कशाला गेली होती, हे विचारायचं मला धाडस झालं नाही). दर मंगळवारी वेलचीचा पाव घेऊन त्याच्याकडे कॉफीला जाते, ती दोन-दोन तास परतत नाही. वर मलाच सांगते, "तिथं कसं स्वेटर काढून बसता येतं!" एकोणचाळीस वर्षांचा संसार, आणि बायको पळवली कोणी, तर बॉयलरनं.

मग मीही आणला. आर्वो म्हणाला, "अरे ओन्न्या, मी लावून देतो, दहा मिनिटांचं काम." म्हटलं, मला हात आहेत. वीज बंद केली, जुन्या थर्मोस्टॅटच्या दोन तारा बॉयलरजवळच्या नव्या पेटीला जोडल्या, पेटीनं डबीला ओळखलं, घर तापलं. मी पण तापलो, कारण सायमानं येता-जाता बटण दाबून आर्वोच्या घराइतका आकडा लावायला सुरुवात केली. अंगाचा नुसता तिळपापड! डबी उचलली आणि गाऊनच्या खिशात टाकली. चार दिवस ती माझ्या पोटाशी. आता तिला बिचारीला काय ठाऊक, ही खोली आहे की ओन्नी? तिला वाटलं, घर मस्त गरम आहे. बॉयलर गप्प झाला. सायमा दोन कोट घालून बटाटे सोलायची आणि मी सांगायचो, नवं यंत्र आहे, रुळायला वेळ लागतो.

शनिवारी कहर झाला. शनिवार म्हणजे सॉना, परसातल्या लाकडी खोलीत वाफेची आंघोळ, आणि सॉनाला शेजाऱ्याला न बोलावणं आपल्यात बसत नाही, मग तो आर्वो का असेना. मी गाऊन तिथल्याच कपड्यांच्या खोलीत खुंटीला अडकवला. आम्ही दोन तास बाकावर. बर्चच्या फांद्यांनी त्यानं माझी पाठ झोडपली (गरजेपेक्षा जोरात). डबी खुंटीवर घामाघूम. घरात येतो तर स्वयंपाकघरातला नळ गोठलेला. आर्वोनं सायमादेखत माझ्या खिशातून डबी काढली, तिच्यावरचा आकडा वाचला आणि ती हळूच टेबलावर ठेवली. दोन शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं!

तेव्हापासून सायमा दिवसभर त्याच्याकडेच बसते. ताई, तू थोरली आहेस. तिला दोन शब्द सुनाव. मला माझी बायको घरी हवी आहे.

तुझा,
ओन्नी

ता. क. सायमानं आत्ता हे पत्र वाचलं. हसता हसता खालीच बसली. मग खरं सांगितलं. आर्वोला प्रेमाच्या चार ओळी धड लिहिता येत नाहीत, म्हणून मंगळवारी ही सांगते आणि तो उतरवून घेतो. तुला पाठवायला! (तुला हे कळता कामा नये असं तिनं मला बजावलंय.) म्हणजे गेलं वर्षभर तू लिहिणाऱ्याचं नाव न सांगता फोनवर जी पत्रं लाजत लाजत मला वाचून दाखवतेस, ती माझ्याच बायकोची?

आणखी एक. आर्वो माणूस सोन्यासारखा आहे, हो म्हणून टाक. पण त्यातलं एक पत्र मला पाठव, कुठलंही चालेल. सायमानं आजवर मला एकच चिठ्ठी लिहिली, तीही दूध संपल्याची. मी तुझं नाव खोडून तिथं माझं घालीन.