न्हाणीतलं बोलणं

१८ डिसेंबर, अकोला
लेक ललित आला एकदाचा! टेक्सासहून, सोबत बायको लुसिया अन् अडीच वर्षांचा मातेओ. पोरगं गोड, पण गप्प. त्याची बहीण दीक्षाही अमरावतीहून लेकीला घेऊन आली. तिची यशू त्याच वयाची. एकच भाषा येते, आपली वऱ्हाडी — पण तोंडाची चक्की बंद म्हणून नाही!

१९ डिसेंबर
ललित म्हणाला, मातेओ बोलण्यात मागे पडला, तिथल्या शाळेच्या बाईंनी सांगितलं. आता घरात फक्त इंग्रजी. लुसियानं आपली स्पॅनिश बंद करायची. ती बिचारी खाली मान घालून तुरीच्या शेंगा सोलत होती. तिच्या आईची भाषा ती!
तसा ललितनंही आपली वऱ्हाडी सोडलीच. पुण्याला शिकायला गेला तेव्हापासून माझ्याशीसुद्धा पुस्तकातलं बोलतो.

२१ डिसेंबर
शेजारच्या माणिकबाई यशू अन् मातेओला पाहून म्हणाल्या, पोरगी पुढं निघाली. लुसियाला कळलं नाही तेच बरं.

२२ डिसेंबर
लुसिया मातेओला आंघोळ घालत होती. मी गरम पाणी घेऊन गेले अन् न्हाणीच्या दाराशीच थबकले. पोरगं बोलत होतं! विचारत होतं, सांगत होतं, मधेच हसत होतं. मला एक अक्षर समजलं नाही, पण यशूची चक्की चालते तशीच चालली होती.
ललितला हाताला धरून आणलं.
"काय बोलून राहिला रे तो?"
"मला स्पॅनिश कुठे येते, आई."
"मंग पोरगं मुकं, का तू बहिरा?"
मग दाराशीच कान देऊन ऐकत राहिला.

२३ डिसेंबर
तिथल्या शाळेच्या बाईंनी इंग्रजी तेवढी मोजली. अर्धं पोरगं मोजलंच नाही!

२८ डिसेंबर
ललितला विचारलं, मग लुसियाच्या स्पॅनिशचं काय? 'पाहू' म्हणाला. त्याच्या बापाचं 'पाहू' म्हणजे 'नाही' असायचं.

२ जानेवारी
गाडी दारात. मातेओ यशूचा हात सोडेना. ललित इंग्रजीत म्हणाला, चल. पोरगं म्हणे, "कावून?" यशू 'का' विचारते तस्सं, अगदी तिचाच हेल!
ललित त्याच्यापुढं उकिडवा बसला. "जा लागते ना बापू आपल्याले." किती वर्षांनी आपली बोली ऐकली त्याच्या तोंडून!
मग उठून लुसियाला इंग्रजीत काहीतरी म्हणाला. तिनं येऊन मला गच्च धरलं. मी दीक्षाकडं पाहिलं.
"दादा तिले म्हणे, तू बी तुयीच भाषा बोल त्याच्याशी."